गाडी मेसेज वाचत नाही: कोथरूडमधल्या एका तक्रारीची उकल

तक्रार ऐकायला साधी होती. फोन गाडीला जोडला की नकाशा दिसतो, गाणी वाजतात, फोन लागतो आणि उचलताही येतो. फक्त क्लिनिकमधून आलेला व्हॉट्सॲप मेसेज गाडी वाचून दाखवत नाही. कधी नुसता “टिंग” होतो, कधी तोही होत नाही. बँकेचे एसएमएस मात्र अधूनमधून व्यवस्थित वाचले जातात. या “अधूनमधून”नेच सगळा घोळ घातला होता.

गाडी पुण्यात कोथरूडमधल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंची, २०२१ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीनेच बसवलेली सात इंची टचस्क्रीन, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (फोनची ॲप्स गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी, पहिली अँड्रॉइडची, दुसरी आयफोनची) दोन्ही केबलवर. फोन नवा, अँड्रॉइड १४वर चालणारा, वर फोन कंपनीचं स्वतःचं आवरण, म्हणजे कंपनीने बदललेले मेनू आणि सेटिंग. सकाळी साडेसात ते अकरा त्या बावधन, पाषाण, बाणेर या बाजूला पेशंटच्या घरी जातात. क्लिनिकमधली मदतनीस वेळेतले बदल व्हॉट्सॲपवर कळवते: “मॅडम, पाषाणच्या आजी आज नको म्हणाल्या, बाणेरला आधी जा.” हा मेसेज चांदणी चौकाच्या आधी कळला तर उपयोग, नंतर कळला तर वळसा.

फोन हातात घेऊन वाचणं हा पर्याय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये २०१९च्या दुरुस्तीने चालवताना हातात धरून फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२०पासून नियमांत फोनचा वापर रस्ता बघण्यापुरता, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, चालतो. मेसेज वाचणं त्यात बसत नाही.

आधी करून झालेले उपाय

ब्लूटूथची जोडणी तोडून पुन्हा केली होती. स्क्रीनचं फॅक्टरी रिसेट झालं होतं, त्यात रेडिओची स्टेशनं आणि आवाजाची मांडणी गेली. तपकीर गल्लीतून नवी केबल आणली होती. फोनमध्ये व्हॉट्सॲपची बॅटरीवरची बंधनं यजमानांनी एकदा काढूनही पाहिली होती. फरक पडला नाही म्हणून पुन्हा होती तशी करून ठेवली. एका ॲक्सेसरीवाल्याने “स्क्रीनच जुनी झाली, दुसरी टाका” असं सुचवलं होतं. कंपनीची स्क्रीन काढून दुसरी बसवताना वायरिंगला हात लागला तर वॉरंटीचा प्रश्न येतो, म्हणून ते सुदैवाने लांबणीवर पडलं.

यातला बॅटरीचा उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो बरोबर होता. तरी लक्षण हललं नाही, कारण इथे तीन दोष एकावर एक बसले होते. एक काढला तरी उरलेले दोन मेसेज अडवतच होते. अशा वेळी “आता वाचतं का?” एवढंच विचारत बसलं तर बरोबर केलेला उपायही चुकीचा ठरतो आणि माणूस तो उलटवतो. मेसेज कुठपर्यंत पोचला हे टप्प्याटप्प्याने बघावं लागतं.

मेसेजच्या दोन वाटा

गाडीत मेसेज दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतो, आणि बहुतेकांना त्या एकच वाटतात.

पहिली वाट ब्लूटूथची. ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाला वेगळा प्रोफाइल असतो: कॉलसाठी एचएफपी, गाण्यांसाठी ए२डीपी, फोनबुकसाठी पीबीएपी आणि मेसेजसाठी एमएपी. एमएपीतून साधे एसएमएस गाडीच्या स्वतःच्या मेसेज यादीत जातात आणि गाडीचा स्वतःचा यांत्रिक आवाज ते वाचतो. व्हॉट्सॲप या वाटेवर येतच नाही. अँड्रॉइड फोनवर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढच्या चाकावर टिचकी मारली की कॉल, मीडिया, संपर्क, टेक्स्ट मेसेज असे वेगवेगळे खटके दिसतात. आयफोनवर गाडीच्या नावापुढच्या “आय” खुणेत नोटिफिकेशन दाखवण्याचा खटका असतो. जोडणी करताना “संपर्क आणि मेसेजला परवानगी द्यायची का” या प्रश्नाला घाईत नाही म्हटलं की कॉल चालतात, मेसेज येत नाहीत.

दुसरी वाट अँड्रॉइड ऑटोची. इथे गाडीची स्क्रीन नुसता आरसा. काम सगळं फोनच करतो. मेसेज फोनवर येतो, ॲप त्याचं नोटिफिकेशन काढतं, अँड्रॉइड ऑटो ते उचलून स्क्रीनवर कार्ड दाखवतं, कार्डावर टिचकी मारली की गूगल असिस्टंट (नव्या फोनवर त्याच्या जागी जेमिनी) तो वाचतो. हे नोटिफिकेशन “संभाषण” या जातीचं असावं लागतं. म्हणजे त्यात पाठवणाऱ्याचं नाव, मजकूर, उत्तर देण्याची सोय आणि “वाचलं” अशी नोंद करण्याची सोय, हे सगळं ॲपने जोडून दिलेलं असावं लागतं. यातलं काही कमी पडलं तर अँड्रॉइड ऑटो ते नोटिफिकेशन मेसेज म्हणून ओळखत नाही, आणि गुपचूप सोडून देतं. कसलीही चूक दाखवत नाही.

आता “अधूनमधून”चा उलगडा होतो. क्लिनिकपासून जवळच्या जवळ जाताना बाई केबल लावत नसत. तेव्हा ब्लूटूथची वाट चालू असे आणि बँकेचे एसएमएस गाडी स्वतः वाचे. लांब जाताना नकाशासाठी केबल लागली की अँड्रॉइड ऑटो ताबा घेई आणि गाडीची स्वतःची मेसेज यादी बाजूला पडे. कॉल तेवढे केबल असतानाही ब्लूटूथनेच चालतात, त्यामुळे सगळं जोडलेलं असल्यासारखं वाटे. बँकेचे मेसेज वाचले जातात यावरून व्हॉट्सॲपबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं, पण घरातला प्रत्येक तर्क तिथूनच सुरू होत होता.

तपासणी कुठे आणि कशी

सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, हँडब्रेक लावून, इग्निशन चालू ठेवून. तळघरातलं पार्किंग या कामाला टाळावं. बाणेर-पाषाणच्या नव्या इमारतींत दोन-दोन मजले खाली गाड्या लागतात आणि तिथे नेटवर्क मिळालंच तर नशीब. मेसेज नेटवर्कने अडवला की सेटिंगने, हे तिथे कळणार नाही. मेसेज पाठवणारा फोन दुसऱ्या माणसाच्या हातात. प्रत्येक चाचणी-मेसेजमध्ये वेगळा शब्द टाकायचा, “आंबा”, “फणस”, “पेरू” असा, म्हणजे उशिरा आलेला जुना मेसेज नवा समजला जात नाही.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी केल्या. व्हॉट्सॲपच्या लिंक केलेल्या उपकरणांतून क्लिनिकचा लॅपटॉप काढून टाकला. दोन टिका म्हणजे मेसेज पोचला, पण फोनवरच पोचला असं नाही. जोडलेल्या कुठल्याही उपकरणावर पोचला तरी दोन टिका दिसतात. शिवाय लॅपटॉपवर तोच चॅट समोर उघडा असेल तर मेसेज तिथे वाचल्याची नोंद होते आणि फोनवरचं नोटिफिकेशन नाहीसं होतं. दुसरं, फोनच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन “नोटिफिकेशन इतिहास” चालू केला. ही सोय अँड्रॉइड ११पासून आहे, पण ती आधी चालू करावी लागते. नंतर चालू केली तर मागचं काही दिसत नाही. या कामातलं हे सगळ्यात उपयोगी हत्यार, आणि ते दुकानात कुणी काढताना दिसत नाही.

मग चार प्रश्न, याच क्रमाने. मेसेज फोनवर पोचला का? पोचला तर नोटिफिकेशन कसं निघालं? निघालं तर कार्ड आलं का? कार्ड आलं तर आवाज आला का? पुढचा प्रश्न मागच्याचं उत्तर “हो” आल्याशिवाय विचारायचा नाही, आणि एका वेळी एकच सेटिंग बदलायची.

फोनवर पोचलाच नाही

पहिला मेसेज एका टिकेवर अडकला. नेटवर्क पूर्ण, इंटरनेट चालू, नकाशा हलतोय. बाईंनी फोन हातात घेऊन व्हॉट्सॲप उघडलं, आणि त्याच क्षणी दुसरी टिक पडली.

नेटवर्क असताना एक टिक आणि ॲप उघडताच दोन, म्हणजे ॲप बंद पाडलं गेलेलं असतं. कारण सापडायला वेळ लागला नाही. सकाळी निघताना “फोन हलका राहावा” म्हणून अलीकडची सगळी ॲप्स वर सारून उडवायची सवय. मूळ अँड्रॉइडवर याने मेसेज येणं थांबत नाही. पण काही कंपन्यांच्या आवरणात असं उडवणं म्हणजे ॲप सक्तीने थांबवणं. आणि सक्तीने थांबवलेल्या ॲपला पुन्हा हाताने उघडेपर्यंत बाहेरून ढकललेला (पुश) मेसेज मिळत नाही, तो कितीही तातडीचा असला तरी.

इथे बरेच जण डोझला, म्हणजे वापरात नसलेल्या फोनवर ॲप्स झोपवून बॅटरी वाचवण्याच्या सोयीला, दोष देतात. अँड्रॉइडची डोझ पद्धत फोन चार्जिंगला नसतानाच लागू होते. केबलने गाडीला लावलेला फोन चार्ज होत असतो, त्यामुळे तिचा इथे संबंध नाही. दोष कंपनीच्या बॅटरी व्यवस्थापकाचा, आणि त्याचे खटके तीन ठिकाणी विखुरलेले असतात. ॲपच्या माहितीत बॅटरी “अनिर्बंध” करायची. आपोआप सुरू होण्याच्या परवानग्यांची यादी वेगळी असते, कुठे सुरक्षा ॲपमध्ये, कुठे बॅटरीखाली. तिथे ॲप चालू करायचं. आणि काही फोनवर अलीकडच्या ॲप्समध्ये कार्ड धरून कुलूप लावायचं, म्हणजे उडवताना ते सुटतं. एकच खटका बदलून उपयोग होत नाही. हे तिन्ही व्हॉट्सॲप, अँड्रॉइड ऑटो आणि गूगल या तिन्ही ॲप्सना केलं. वाचणारा आवाज गूगल ॲपमधून येतो. तो झोपला तर कार्ड येऊनही कुणी वाचत नाही.

पुढचा मेसेज पाच-सहा सेकंदांत दोन टिकांवर गेला. गाडीच्या स्क्रीनवर मात्र काहीच नाही. यजमानांनी पूर्वी हाच उपाय करून इथेच हात टेकले होते.

नोटिफिकेशन आलं, पण रिकामं

आता इतिहास उघडला. बँकेच्या एसएमएसखाली बँकेचं नाव आणि मजकूर दिसत होता. व्हॉट्सॲपच्या ओळीत नाव नाही, मजकूर नाही. फक्त नवा मेसेज आला आहे एवढंच. चाचणीतला “फणस” हा शब्द कुठेच नव्हता.

नवा फोन घेतल्यावर बाईंनी व्हॉट्सॲपला बोटाच्या ठशाचं कुलूप लावलं होतं. पेशंटच्या घरी फोन टेबलावर पडलेला असतो, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे चारचौघांत झळकायला नको, हे रास्तच. पण त्या कुलपाच्या पानावर, सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲप लॉक इथे, खाली एक खटका असतो: नोटिफिकेशनमध्ये मजकूर दाखवायचा की नाही. तो बंद केला की व्हॉट्सॲप नाव, मजकूर आणि उत्तराची सोय तिन्ही काढून टाकतं. उरलेलं नोटिफिकेशन हे संभाषण राहत नाही, आणि अँड्रॉइड ऑटो ते उचलत नाही.

हा खटका चालू केला. मग खासगीपणाचं काय? तो फोनच्या पातळीवर सांभाळायचा: फोनच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये लॉकस्क्रीनवर संवेदनशील मजकूर लपवण्याचा पर्याय निवडला. आता टेबलावर पडलेल्या बंद फोनवर “मजकूर लपवला आहे” एवढंच दिसतं, ॲपच्या आत नोटिफिकेशन मात्र पूर्ण तयार होतं. फोन लॉक करून, खिशात ठेवून पुन्हा चाचणी घेतली. कार्ड आलं.

व्हॉट्सॲपमध्ये एकेका चॅटला वेगळं कुलूप लावायचीही सोय २०२३पासून आहे. तसं कुलूप लावलेल्या चॅटचं नाव आणि मजकूर नोटिफिकेशनमध्ये येत नाही, वरचा खटका चालू असला तरी. क्लिनिकचा चॅट त्या कुलुपात नव्हता. असता तर बाहेर काढावा लागला असता. अर्काइव्हमध्ये ठेवलेल्या चॅटचंही तेच, तिथला मेसेज नोटिफिकेशनच काढत नाही.

या टप्प्यावर आणखी काही बघून घेतलं, पण ते ठीक निघालं. नोटिफिकेशन वाचण्याच्या विशेष परवानगीत अँड्रॉइड ऑटो आणि गूगल दोन्ही चालू होते. अँड्रॉइड ऑटोच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मेसेज दाखवण्याचा खटका चालू होता. डू नॉट डिस्टर्ब बंद होतं. व्हॉट्सॲपच्या मेसेजचं नोटिफिकेशन “सायलेंट” वर गेलेलं नव्हतं. नव्या फोनवर यातलं एखादं बिनसलेलं असणं अगदी नेहमीचं, म्हणून बघायला दोन मिनिटं घालवावीत.

कार्ड आलं, “टिंग” झालं, पुढे शांतता

कार्डावर टिचकी मारली. गाणं थांबलं, स्क्रीनवर असिस्टंटची पट्टी हलली, आठ-दहा सेकंद गेले आणि गाणं पुन्हा सुरू झालं. आवाज नाही.

गाणं थांबून पुन्हा सुरू होतं याचा अर्थ असिस्टंट बोलला. मजकूर वाचून झाला, फक्त ऐकू आला नाही. अँड्रॉइड ऑटोमध्ये गाण्यांचा आवाज, कॉलचा आवाज आणि बोलण्याचा आवाज वेगवेगळ्या मार्गांनी गाडीत येतो, आणि बहुतेक स्क्रीन प्रत्येकाची पातळी स्वतंत्र लक्षात ठेवतात. आवाजाचं बटण त्या क्षणी जे वाजत असेल त्याचीच पातळी बदलतं. नकाशाची बाई आणि मेसेज वाचणारा आवाज या गाडीत एकाच मार्गावर होते.

चांदणी चौकात ऑगस्ट २०२३पासून जे नवं रॅम्पचं जाळं झालं, तिथे नकाशा दर थोड्या अंतरावर डावीकडे राहा, उजवीकडे राहा, पुन्हा डावीकडे असं बोलत राहतो. रोजच्या माणसाला ते डोक्याला ताप. बाईंनी कधीतरी तो बोलत असतानाच स्टेअरिंगवरचं आवाजाचं बटण शून्यापर्यंत दाबलं होतं. नकाशा गप्प झाला, त्यांना हवं तेच झालं, म्हणून ती खूण कुणाच्या लक्षात आली नाही. त्याबरोबर मेसेजही गप्प झाले. “टिंग” मात्र वेगळ्या मार्गाने येत असल्यामुळे तो वाजत राहिला. फॅक्टरी रिसेटने ही पातळी पूर्ववत झाली होती, पण तेव्हा वरचे दोन दोष जागेवर होते, त्यामुळे फरक कळला नाही. आणि दोनच दिवसांत चांदणी चौकात पुन्हा बटण दाबलं गेलं.

दुरुस्ती अशी. स्टेअरिंगवरचं आवाजी आज्ञेचं बटण दाबून धरायचं (बऱ्याच गाड्यांत थोडं दाबलं तर गाडीचा स्वतःचा आवाजी मेनू उघडतो, दाबून धरलं तर असिस्टंट). लांब उत्तर येईल असं काहीतरी विचारायचं. “आज पुण्यात हवामान कसं आहे” पुरतं. तो बोलत असताना, आणि तेव्हाच, आवाज वाढवायचा. उत्तर संपल्यावर बटण फिरवलं तर गाण्याचा आवाज वाढेल, बाकी जैसे थे. स्क्रीनवर आकडा दिसत असेल तर गाण्यापेक्षा दोन-तीन अंक वर ठेवावा, काचा उघड्या असताना कर्वे रस्त्यावर त्याखाली काही ऐकू येत नाही.

नकाशाला गप्प करायचं असेल तर त्याच्याच स्क्रीनवरच्या स्पीकरच्या चिन्हाने करायचं. तिथे पूर्ण बंद किंवा फक्त सूचनांपुरता आवाज असे पर्याय मिळतात आणि असिस्टंटच्या पातळीला धक्का लागत नाही.

यानंतर “पेरू” ऐकू आला.

जे दोष नव्हते

यादीत आणखी काही तक्रारी होत्या, त्या सेटिंगने सुटणाऱ्या नव्हत्या.

“यांच्या आयफोनवर आपोआप वाचतं, माझ्यावर टिचकी मारावी लागते.” बरोबर आहे, दोन्हींची रीतच वेगळी. कारप्लेमध्ये सिरी मेसेज आल्या आल्या स्वतःहून वाचायला लागते. ही सोय आयओएस १५पासून आहे. फोनच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये घोषणेच्या पानावर कारप्लेचा खटका लागतो. तिथे न वाचण्याचं नेहमीचं कारण ड्रायव्हिंग फोकस: कारप्ले जोडताच तो आपोआप लागेल असं ठेवलेलं असेल तर परवानगी दिलेल्या माणसांपलीकडचे मेसेज दाबले जातात. अँड्रॉइड ऑटो मात्र कार्ड दाखवून थांबतं. टिचकी नको असेल तर स्टेअरिंगवरचं बटण धरून मेसेज वाचायला सांगायचं. सवय झाल्यावर ही रीत जास्त बरी वाटते, कारण नवले पुलाच्या उतारावर ट्रकच्या मधे असताना कुणी आपणहून बोलायला लागत नाही.

सोसायटीच्या गेटवर पाहुणा आला की येणारी सूचना गाडीत दिसत नाही. दिसणारही नाही. ते नोटिफिकेशन आहे, संभाषण नाही. खाण्याच्या ऑर्डरचं, बँकेच्या ॲपचं, शाळेच्या ॲपचं तेच. गेटवाल्याला फोन करायला सांगणं हाच उपाय.

नातेवाइकांचा ग्रुप वाचला जात नव्हता कारण तो कायमचा म्यूट होता. तो तसाच ठेवला. सकाळी आठ वाजता चाळीस जणांचे सुप्रभात गाडीने वाचून दाखवावेत अशी अपेक्षा कुणीच ठेवू नये. शाळेच्या व्हॅनचा छोटा ग्रुप तेवढा म्यूटमधून काढला आणि अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये ग्रुपचे मेसेज दाखवण्याचा वेगळा खटका आहे, तो चालू केला.

सगळ्यात मोठा गैरसमज व्हॉइस नोटचा निघाला. मदतनीस निम्मे निरोप बोलून पाठवायची. व्हॉइस नोटच्या नोटिफिकेशनमध्ये माइकचं चित्र, “व्हॉइस मेसेज” हे शब्द आणि किती सेकंदांचा एवढंच असतं. असिस्टंट तेवढंच वाचणार. फोटोचंही तसंच. वेळापत्रकाच्या वहीचा फोटो काढून पाठवला तर गाडी “फोटो” म्हणते आणि थांबते.

मराठी मेसेज आणि इंग्रजी जीभ

आवाज आला, पण काय बोलतो ते कळेना. असिस्टंटची भाषा इंग्रजी (भारत) होती आणि मदतनीस मराठी निरोप इंग्रजी लिपीत टाइप करायची. “नको” हा शब्द त्या लिपीत लिहिला की इंग्रजी आवाज त्याचा “नॅको” करतो, “४ ला या” चं “फोर ला या” होतं, आणि “आजी” आहे की कुठलं आडनाव ते ओळखू येत नाही. शिवाय प्रत्येक निरोपाला हात जोडल्याचं आणि फुलाचं चित्र. त्यांची इंग्रजी नावं मधेमधे ऐकू यायची.

देवनागरीत लिहिलं तरी इंग्रजी आवाजाकडून भरवशाचा उच्चार मिळत नाही. असिस्टंटला दोन भाषा ठेवता येतात. दुसरी हिंदी जोडल्यावर देवनागरी निरोप समजण्याइतका नीट वाचला गेला, चाल मात्र हिंदी राहिली. फोनमधल्या गूगलच्या वाचन-यंत्रणेत मराठी आवाज उपलब्ध आहे आणि तो उतरवूनही घेतला, पण अँड्रॉइड ऑटोमध्ये वाचायची भाषा असिस्टंटच्या भाषेवर ठरते, त्यामुळे गाडीत त्याने फरक पडला नाही.

मग सेटिंगपेक्षा निरोपाची रीत बदलणं सोपं पडलं. मदतनिसीला एक साचा दिला. देवनागरीत, एका निरोपात एकच बदल, आधी ठिकाण, मग वेळ, शेवटी काय करायचं: “पाषाण आजी, आज रद्द. आधी बाणेर, नऊ वाजता.” वेळ अक्षरांत लिहायची, आकड्यांत लिहिली तर कधी कालावधी, कधी अपूर्णांक वाचला जातो. नमस्कार, चित्रं, “मॅडम निघालात का” हे सगळं वगळायचं. लागोपाठ तीन तुकडे पाठवायचे नाहीत; ते एकत्र वाचले जातात आणि मधला बदल निसटतो. खरंच तातडीचं असेल, म्हणजे पेशंट पडला, दवाखान्यात हलवलं, तर मेसेज करायचाच नाही. सरळ फोन.

रस्त्यावरची चाचणी

दुसऱ्या दिवशी सकाळी कोथरूड डेपो, चांदणी चौक, बावधन, पाषाण या वाटेवर, शेजारच्या सीटवर दुसरा माणूस बसवून. फोन लॉक, केबल लावलेली. ठरल्याप्रमाणे मदतनिसीने चार निरोप पाठवले. पहिल्या तिन्हींची कार्डं लगेच आली आणि वाचली गेली. चौथा पाषाणमधल्या एका इमारतीच्या तळघरात गाडी असताना पाठवला गेला होता. तो रॅम्प चढून वर आल्यावर आला. त्याला सेटिंग नाही.

केबलबद्दल एक राहिलं. घरातली जुनी केबल मूळ दोषाशी संबंधित नव्हती, पण ती दोन मीटरची होती आणि स्पीडब्रेकरवर अँड्रॉइड ऑटो क्षणभर तुटून पुन्हा जोडलं जायचं. गूगलची शिफारस एक मीटरपेक्षा कमी लांबीच्या, चांगल्या प्रतीच्या केबलची आहे, मधे हब किंवा जोडवायर न लावता. तपकीर गल्लीतून आणलेली नवी केबल नुसती चार्जिंगची निघाली. तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या, म्हणून ती लावल्यावर गाडीला फोन दिसतच नव्हता. केबल घेताना दुकानातच ती लॅपटॉपला लावून फोनमधले फोटो दिसतात का ते बघावं.

क्लिनिकच्या दुसऱ्या नंबरचं व्हॉट्सॲप त्याच फोनवर क्लोन करून, म्हणजे ॲपची दुसरी प्रत बनवून, ठेवलेलं आहे. क्लोन केलेलं ॲप फोनमध्ये वेगळ्या वापरकर्त्याखाली चालतं आणि त्याचे निरोप या गाडीत अजूनही येत नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये ऑक्टोबर २०२३पासून एकाच ॲपात दोन खाती ठेवता येतात. दुसरा नंबर तिकडे हलवायचा, पण त्याआधी जुन्या चॅटचा बॅकअप घ्यायचा आहे. तोवर वेळेचे बदल पहिल्याच नंबरवर. आणि फोनचं मोठं अपडेट आलं की बॅटरीचे तिन्ही खटके पुन्हा बघायचे, कारण अपडेटनंतर ते मूळपदावर गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.